आमचा चेंबर

आमच्या सोसायटीत सगळ्यात जास्त माहिती कोणाला असेल, तर ती चेंबरला. सेक्रेटरींना फार तर कोणाचा मेंटेनन्स थकलाय ते ठाऊक. वॉचमनला कोण रात्री किती वाजता आलं ते. चेंबरला बारा बिऱ्हाडांच्या स्वयंपाकाची, आंघोळीची आणि पोटाची खडान्‌खडा खबर असते. कोणाकडे तळण झालं, कोणी फरशी बदलली, कोणाकडे तान्हं बाळ आलं आणि त्याला पुसायचे ओले रुमाल कोणी कमोडमध्ये टाकले, हे त्याला घरबसल्या कळतं. स्वभावाने अबोल. वर्षातून एकदोनदा तोंड उघडतो, आणि तेव्हा मात्र अख्ख्या बिल्डिंगला नाक मुठीत धरून उभं राहावं लागतं.

बिल्डिंग डोंबिवलीतली, तळमजला अधिक तीन, ऐंशीच्या दशकात बांधलेली. मागच्या बाजूला कंपाउंडची भिंत आणि स्वयंपाकघरांच्या खिडक्या यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी आहे. तिथे कोणी मुद्दाम जात नाही. एखाद्या मुलाचा चेंडू गेला तर तो, नाहीतर दोरीवरून टॉवेल पडला तर त्याचा मालक. त्या पट्टीत चेंबर राहतो. एकटा नाही, चौघे भाऊ आहेत. पाइप जिथे वळतो किंवा दुसऱ्या पाइपाला मिळतो तिथे एक चेंबर, असा नियम. कारण वाकड्या पाइपात काठी जात नाही. आमचा हा चौघांतला तिसरा, तळमजल्यावरच्या आजींच्या खिडकीखालचा. बाकीच्या तिघांचं दुखणंखुपणंही शेवटी याच्याच अंगावर येतं.

दिसायला साधा. विटांचं चौकोनी अंग, आतून सिमेंटचा गिलावा, दोन-अडीच फूट खोली, तळाशी अर्धगोल पन्हळ. ही पन्हळ म्हणजे त्याची तब्येत. ती गुळगुळीत आणि उताराला असली की आलेला माल न थांबता पुढे जातो. गवंड्याने घाईत ती ओबडधोबड केली, की तिथे पहिलं शीत अडकतं, शिताला नारळाची शेंडी अडते, शेंडीला केस, आणि गोतावळा जमत जातो.

डोक्यावर पूर्वी बिडाचं झाकण होतं. भारी, गोल, वर नक्षी असलेलं. ते एका रात्री भंगारात गेलं. वॉचमन म्हणाला, मांजर आलं असेल. मग सिमेंटचं झाकण केलं, ते टेम्पोच्या चाकाखाली तडकलं. आता फायबरचं आहे. हलकं, चोराला नको असलेलं. झाकण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या मुंबईतल्या पावसात एल्फिन्स्टन भागात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले. त्यानंतर आमच्या कमिटीने झाकणाचा विषय प्रथमच अजेंड्यावर घेतला. तोवर तो ‘आयत्या वेळचे विषय’ यात असायचा.

चेंबरचं घराणं मोठं आहे आणि प्रत्येक घरात त्याचा एक तरी नातेवाईक राहतो. सिंकखाली बॉटल ट्रॅप, मोरीत नहाणी ट्रॅप, कमोडच्या पोटात वळलेली मान, आणि बाहेर भिंतीलगत गली ट्रॅप. या सगळ्यांचं काम एकच, दोनेक इंच पाणी धरून ठेवणं. वरच्या घरात आणि खालच्या गटारात दार काय ते एवढ्याच पाण्याचं. ही युक्ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली संडासाच्या पेटंटमध्ये नोंदवली. तेव्हापासून जगभर माणसं गटाराच्या डोक्यावर बसून जेवू शकतात, ती त्या पाण्याच्या जिवावर. मे महिन्यात घर बंद करून मंडळी कोकणात जातात, मागे मोरीतलं पाणी उन्हाने आटतं, दार उघडं पडतं. परतल्यावर पहिला नमस्कार झुरळांचा. जाताना शेजाऱ्याकडे किल्ली ठेवावी आणि आठवड्याला तांब्याभर पाणी मोरीत ओतायला सांगावं, एवढ्यात भागतं. फुकट मिळणारी ही या विषयातली एकमेव सेवा.

बॉटल ट्रॅपचा स्वभाव त्यातल्या त्यात प्रेमळ. सिंकमध्ये हात धुताना कुडी पडली, की ती त्याच्या तळाशी जाऊन बसते. खाली बादली ठेवून हाताने त्याचं बूड फिरवलं की दागिना परत. तो तिथून निसटला तर मात्र चेंबरच्या हद्दीत गेला, आणि चेंबर काही परत देत नाही. सोनारांच्या गल्ल्यांत गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या काम करतात. तिथे गटार पैसे देतं. आमच्याकडे ते फक्त घेतं.

आता त्याच्या खाण्याविषयी. खरं तर त्याला पाणी आणि जे निसर्गाने सोडायचं ते, एवढंच पथ्याचं. पण आपण त्याला काय काय वाढतो! भाताची शितं, चहाचा चोथा, इडलीचं उरलेलं पीठ, परातीला चिकटलेली कणीक, भांडी घासायची शेंडी, केस, देवाची फुलं. सगळ्यात वाईट तेल. कढईतलं तेल गरम असताना निमूट वाहतं, गार पाइपात पोचलं की कडेला धरतं. त्यातली स्निग्धाम्लं पाण्यातल्या कॅल्शियमशी संधान बांधतात आणि त्यांचा कडक, पांढरा, साबणासारखा थर होतो. पाइपाचं तोंड आतून लहान होत जातं. कोणीतरी शहाणं माणूस सांगतं की वरून उकळतं पाणी ओता. ओततात. तेल वितळतं, चार-पाच फूट पुढे जातं आणि तिथे पुन्हा बसतं. माझ्या पाइपातलं दुखणं सोसायटीच्या पाइपात गेलं, एवढाच त्याचा गुण. चेंबरचे परदेशातले भाऊबंदही याच दुखण्याने बेजार आहेत. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात २०१७ साली चरबीचा अडीचशे मीटर लांब गोळा सापडला. वजन एकशे तीस टन. त्याचा एक तुकडा पुढे तिथल्या संग्रहालयात मांडला गेला. आमच्या चेंबरमधला माल आम्ही अजून तरी पिशवीत भरून कचऱ्यातच टाकतो.

तेलाच्याही वरताण म्हणजे नूतनीकरण. कोणाच्या बाथरूमला नव्या टाइल्स लागल्या, की मिस्त्री संध्याकाळी घमेलं आणि थापी तिथेच धुतो. पांढरं सिमेंट पाण्याबरोबर उतरतं, वळणावर विसावतं आणि तिथेच दगड होतं. तेल खरवडून निघतं; सिमेंट निघत नाही, पाइप फोडावा लागतो. आणि तो फोडायचा खर्च, अर्थातच, सोसायटीचा.

चेंबरच्या प्रकृतीला आणखी एक गोष्ट लागते, ती उतार. चार इंची पाइपाला चाळीस फुटांमागे साधारण फूटभर उतार लागतो. कमी दिला तर घाण वाटेत बसते. फार दिला तर पाणी एकटंच पुढे पळतं आणि घाण मागे राहते. बांधताना तो बरोबर होता, असं जुने सभासद सांगतात. मग एका कमिटीने कंपाउंड देखणं करायचं म्हणून पेव्हर ब्लॉक बसवले आणि जमीन वर आली. बाहेर महापालिकेने रस्ता काँक्रीटचा केला, तो आणखी वर आला. बाहेरच्या गली ट्रॅपचं तोंड घरातल्या मोरीपेक्षा खाली असावं लागतं; म्हणजे तुंबलं तर पाणी आधी अंगणात येईल, घरात नाही. ही सोय पेव्हर ब्लॉकखाली पुरली गेली. सोसायटी दिसायला लागली छान, आणि घाण तळमजल्याच्या मोरीतून वर येऊ लागली.

इथून चेंबरच्या फीचा विषय सुरू होतो.

तुंबण्याचा भाव किती, असं कोणी विचारलं तर मी उलट विचारतो, कितवा मजला? चोकअप एकच असतो, पण त्याची किंमत मजल्यागणिक बदलते. तिसऱ्या मजल्यावर सिंकचं पाणी नेहमीसारखंच जातं. चेंबर भरलाय हे त्यांना व्हॉट्सॲपवरच कळतं. त्यांचं म्हणणं, “रविवारी सगळे असतील, तेव्हा बघू. आणि तीन कोटेशनं मागवा.” दुसऱ्या मजल्यावर वास पोचतो, पण खिडकी लावली की भागतं. ते म्हणतात, “पंधराशे फार होतात, हजारात होईल.” पहिल्या मजल्यावर खिडकी लावूनही वास येतो, ते अर्धे पैसे लगेच काढतात. तळमजल्यावरच्या आजींच्या मोरीत, वर कोणी फ्लश ओढला की बुडबुडे येतात. आधी एक, मग तीन-चार, मग जाळीवरून काळं पाणी. त्या पदर नाकाला लावून दारात उभ्या राहतात आणि चोकअपवाल्याला म्हणतात, “काय घ्यायचं ते घे रे बाबा, पण आत्ताच्या आत्ता काढ.” घासाघीस करायला माणसाला थोडी उंची लागते.

हे चोकअपवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न “पत्ता काय?” हा नसतो. “पाणी घरात येतंय का?” हा असतो. हो म्हटलं की भाव ठरला.

आमच्या भागातला हिशेब साधारण असा. नुसता सिंक किंवा बेसिन तुंबला तर प्लंबर तीन-चारशे रुपयांत ट्रॅप खोलून, धुऊन, बसवून देतो. त्याआधी घरोघरी दोन उपाय होतात. एक, रबरी पंप. तो बिनखर्ची, आणि दुसरं भोक ओल्या फडक्याने बंद करून मारला तर लागूही पडतो. दुसरा, दुकानात मिळणारी पुडी. पुडीत मुख्यतः कॉस्टिक सोडा. तो केस आणि तेल पोखरतो, पाणी पडताच उकळीइतका तापतो. एकीने काम झालं नाही म्हणून दुसरी ओतायची, वर ॲसिड, मग प्लंबरला बोलवायचं, ही आपल्याकडची रीत. प्लंबर ट्रॅप खोलतो तेव्हा ते सगळं त्याच्या हातावर येतं. पुडी वापरली असेल तर आधी सांगावं. त्यासाठी काही लागत नाही.

चोकअप आतल्या पाइपात असला तर स्प्रिंग येते. तारेची लांब गुंडाळी, एका टोकाला वळसा, दुसऱ्या टोकाला फिरवायचा दांडा किंवा मोटर. हजार ते दीड-दोन हजार. काही जण ‘एका चोकअपचे’ घेतात, काही फुटावर. चेंबर ते चेंबर अशी लाइन भरली की जेटिंगची गाडी. तिच्या नळीच्या तोंडाला मागच्या बाजूला भोकं असतात. पाणी जोराने मागे सुटतं, त्या रेट्याने नळी स्वतःच पुढे सरकते आणि परतताना घाण घेऊन येते. तिचे तीन-चार हजारांपासून पुढे. सेप्टिक टाकी उपसायची तर टँकर आणि त्याच्या खेपा. या सगळ्यावर पावसाळ्याचा, रात्रीचा आणि सणाचा अधिभार. दिवाळीनंतरच्या आठवड्यात चकल्या-चिवड्याचं तेल खाली उतरलेलं असतं आणि सगळ्या सोसायट्यांचे चेंबर एकदमच आजारी पडतात. घरपोच सेवेच्या ॲपवर दर लिहिलेला असतो. पण तो घरातल्या मोरीचा. ‘सोसायटीचा चेंबर’ म्हटलं की तिथेही माणूस येऊन ‘बघून सांगतो’.

पैसे कोणी द्यायचे, याचं उत्तर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आहे. सांडपाण्याच्या वाहिन्या आणि सेप्टिक टाक्या यांची दुरुस्ती संस्थेने संस्थेच्या खर्चाने करायची. जे त्या यादीत नाही ते सभासदाने. कागदावर स्पष्ट. भांडण होतं ते भिंतीतल्या दोन फुटांवरून, जिथे माझी मोरी संपते आणि सोसायटीचा उभा पाइप सुरू होतो. त्या दोन फुटांनी आमच्याकडे तीन सेक्रेटरी घरी बसवले आहेत. वाटणीचंही गणित गमतीचं. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर लागते. सफाईवाल्याचा पगार सेवाशुल्कात, तो सगळ्या फ्लॅटना सारखा. म्हणजे एकट्या आजी आणि सात जणांचं कुटुंब चेंबरच्या नजरेत वेगळे, खजिनदाराच्या वहीत एक. घरात किती पाणी येतं याचा हिशेब आहे. घरातून काय बाहेर जातं याचा हिशेब एकटा चेंबर ठेवतो, आणि त्याची वही कोणी वाचत नाही.

वाचतो तो एक माणूस. गेल्या पावसाळ्याआधी तो आला तेव्हा मी खाली होतो. मोटरसायकलला आडव्या बांधलेल्या बांबूच्या कामट्या, गोणपाटात स्प्रिंग, हातात पहार. आल्याआल्या त्याने पैशांचं काही काढलं नाही. “काका, वर सगळ्यांना सांगा, पंधरा मिनिटं कोणी फ्लश ओढू नका.” मग पहारीने एकेका झाकणाची कड उचलून बाजूला केली आणि लगेच वाकला नाही, चार पावलं मागे जाऊन तंबाखू मळत बसला. वाफ निघून जाऊ दे, म्हणाला. मग फिरून चारही चेंबर पाहिले. पहिला भरलेला, दुसरा भरलेला, तिसरा काठोकाठ, चौथा कोरडा. “तिसऱ्याच्या पुढं बसलाय.” निदान झालं. भरलेल्या आणि कोरड्या चेंबरच्या मध्ये दुखणं असतं. यंत्र कितीही महाग आणलं तरी पहिली तपासणी हीच.

तीन कामट्या त्याने तारेने एकमेकींना बांधल्या आणि चौथ्याच्या तोंडातून उलट्या बाजूने आत सरकवल्या. गुडघा जमिनीला, मान वळलेली, नजर कुठेच नाही. सगळं लक्ष तळहातात. कामटी अडली की तो ती रेटत नव्हता. थोडी मागे घ्यायचा, किंचित फिरवायचा, पुन्हा पुढे. “मऊ लागतंय. तेल आहे.” आणखी हातभर आत. “आता खरखरतंय.” एक झटका, मग पाइपाच्या आतून घशातल्यासारखा आवाज, आणि “सरका!” कोरड्या चेंबरमध्ये काळं पाणी धडाक्याने आलं. तिसऱ्यातलं पाणी भोवरा घेत उतरायला लागलं. वरच्या तिन्ही मजल्यांच्या खिडक्यांत माणसं उभी होती. रविवारची वाट पाहणारेही.

पन्हळीत जे राहिलं ते त्याने फावड्याने काढून पेव्हर ब्लॉकवर ओळीने मांडलं. पांढऱ्या चरबीचे गोळे, शेंडीचा एक गुंता, पोह्याचा चमचा, एका बाळाचा मोजा, आणि तळहाताएवढी पांढऱ्या सिमेंटची खपली. खपलीच्या एका बाजूला पाइपाची गोलाई उमटलेली होती. बिल्डिंगमध्ये त्या वर्षी बाथरूम एकाच घराने नवं केलं होतं. कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी मात्र हळूच लागली.

बाराशे ठरले होते. खजिनदारांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “अरे, वीस मिनिटांचं तर काम!” तो हात धूत होता, त्यानेही हसून उत्तर दिलं, “मग साहेब, पुढच्या वेळी तास लावतो.” आजींनी चहा पाठवला. कमिटीला स्टीलच्या पेल्यांतून, त्याला कागदी कपातून. कप वेगळा का, असं त्याने विचारलं नाही, आम्हीही नाही. त्याने चहा घेतला, कप चुरगळून स्वतःच्याच घाणीच्या पिशवीत टाकला.

तळमजल्याच्या खाली आणखी एक मजला आहे, तो आमच्या सोसायटीच्या नकाशात नाही. तिथे हा माणूस काम करतो. मुंबईच्या जुन्या चाळींमागे हाऊस गल्ल्या ठेवल्या, त्या याच माणसासाठी. टोपलीचे संडास मागून रिकामे करायला त्याने यावं, कोणाच्या समोर पडू नये. टोपल्या गेल्या, पाइप आले, पण मागच्या बाजूची वाट आणि त्या वाटेने येणाऱ्यांची जात बहुतेक ठिकाणी तीच राहिली. मजला जसा उतरतो तसा भाव चढतो, हे आमच्या बिल्डिंगचं गणित त्याच्यापाशीही थांबत नाही. सगळ्यात महाग तो मजला त्यालाच पडतो.

दोन-अडीच फुटांच्या आमच्या चेंबरमध्ये उतरावं लागत नाही. पण त्याच्या पुढची सेप्टिक टाकी माणसाच्या उंचीहून खोल आहे. तिथे चेंबरचा हा अबोल गोतावळा एक खोटं बोलतो. सडणाऱ्या घाणीतून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो, म्हणून माणसाला वाटतं, वास आला की कळेल. पण वायू वाढला की तो नाकच बधिर करतो. वास गेला म्हणजे धोका टळला असं समजून माणूस उतरतो. वायू हवेपेक्षा जड, तळाशी साठलेला. एक पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो. बातम्यांत अशा वेळी मृतांचा आकडा अनेकदा एकावर थांबत नाही, त्याचं कारण हे.

हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध कायदे झाले. पहिला १९९३ चा, दुसरा २०१३ चा. दुसऱ्याने गटारात किंवा सेप्टिक टाकीत सुरक्षेच्या साधनांविना माणूस उतरवण्यावर बंदी घातली, आणि ती महापालिकेइतकीच घरमालकाला आणि सोसायटीलाही लागू आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘सफाई कर्मचारी आंदोलन’ या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारातल्या मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. मुंबईत गोवंडीला डिसेंबर २०१९ मध्ये एका खासगी सोसायटीची टाकी साफ करताना तिघे मजूर गेले. त्यांच्या बायका उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा २०२१ साली प्रत्येकीला दहा लाख देण्याचा आदेश निघाला. तेव्हा भाव विचारायचाच तर दोन्ही टोकं शेजारी ठेवावीत. टँकर आणि जेटिंगचे काही हजार एकीकडे, तीस लाख दुसरीकडे. ‘आम्ही एकाला सांगितलंय, तो उतरून स्वस्तात करून देतो’ असं सांगणारा शेजारी प्रत्येक सोसायटीत असतो. त्याचं ‘स्वस्त’ या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत असतं, आणि तो फरक भरणारा सभासद नसतो.

यंदाच्या वार्षिक सभेत मी वार्षिक कराराचा ठराव मांडला. पावसाळ्याआधी एक जेटिंग, दिवाळीनंतर एक, टाकी फक्त टँकरने, आणि आत माणूस उतरणार नाही असं करारातच लिहून. दर जेटिंगला तीन हजार सहाशे, वर्षाचे सात हजार दोनशे. बारा फ्लॅट, म्हणजे महिन्याला पन्नास रुपये. लिफ्ट आमच्याकडे नाही, नाहीतर तिच्या कराराला याच्या कितीतरी पट आम्ही चर्चेशिवाय मंजूर केले असते. लिफ्ट बंद पडली की त्रास वरच्यांना होतो. नूतनीकरण करणाऱ्याने मिस्त्रीची भांडी मोरीत धुऊ देऊ नयेत आणि आधी अनामत ठेवावी, अशी जोड दिली. सिमेंटची ती खपली मी ठरावाच्या कागदावर वजन म्हणून ठेवली होती. बाकी युक्तिवाद करावा लागला नाही.

आक्षेप एकच आला, तिसऱ्या मजल्यावरून. “आमच्याकडे पाणी कधीच तुंबत नाही, मग आम्ही पन्नास का द्यायचे?” आजी मागच्या खुर्चीवर होत्या. म्हणाल्या, “तुमचं कधीच तुंबत नाही हो. तुमचं माझ्याकडे येऊन तुंबतं.” ठराव अकरा विरुद्ध एक मताने मंजूर झाला. एप्रिलच्या बिलात सगळ्यांच्या नावावर पन्नास रुपये लागले आहेत आणि थकबाकी सध्या एकाच फ्लॅटची आहे.